सुपरमॅनची धून कुणाकुणाच्या हातात गेली : पार्श्वसंगीत शेजारी ठेवून कसं ऐकायचं

सुपरहिरोच्या सिनेमांचं पार्श्वसंगीत ताडून बघायचं असेल तर सुरुवात सुपरमॅनपासून करा. 1978 साली जॉन विल्यम्सने लिहिलेली एक धून तिथे जवळजवळ पन्नास वर्षं हातोहात फिरते आहे. कुणी ती जशीच्या तशी उचलली, कुणी कमी वादकांत भागवली, कुणी दाराबाहेर ठेवली, कुणी इलेक्ट्रिक गिटारवर चढवली. धून तीच असली की बाकी काय बदललं ते कानाला लगेच सापडतं. मार्व्हलचा आयर्न मॅन घेऊन पाहा : 2008 ला रमीन जवादी, 2010 ला जॉन डेबनी, 2013 ला ब्रायन टायलर. तीन सिनेमे, तीन संगीतकार, आणि नायकाची धून दर वेळी नवी. तिथे नवशिक्याच्या हाती 'हे आवडलं, ते नाही आवडलं' यापलीकडे फारसं लागत नाही.

मी सातारा-कराड पट्ट्यात लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. माझा कान आधी पितळी वाद्यांकडे धावतो, हे आधीच सांगून ठेवतो. तुम्ही व्हायोलिन किंवा पेटी वाजवत असाल तर तुमची वही माझ्यापेक्षा वेगळी भरेल. भरू दे.

तयारी फार नाही. बरे हेडफोन लागतील. मोबाइलच्या स्पीकरवर फ्रेंच हॉर्न आणि डबल बास जवळजवळ गायब होतात आणि उरतात ती फक्त ट्रम्पेटं, म्हणजे निम्मी तुलना तिथेच बुडाली. एक जाड वही घ्या. घरात पेटी किंवा कीबोर्ड असेल तर उत्तम, नाहीतर मोबाइलवरचं पियानोचं ॲप चालेल. आणि एक पथ्य पाळा : दोन तुकडे लागोपाठ ऐकताना आवाज सारखा करून घ्या. जुनं रेकॉर्डिंग हळू वाजतं, नवं ठासून भरलेलं असतं, आणि मोठ्या आवाजात वाजलेलं आपल्याला नेहमी भारी वाटतं. वरातीत हे मी रोज बघतो. शेजारच्या गल्लीतून डीजे आला की आमचं क्लॅरनेट कितीही सुरेल असो, पोरं तिकडे पळतात. म्हणून एका हाताने आवाजाचं बटण सांभाळा, मग मत बनवा.

सिनेमा आधी, अल्बम नंतर. अल्बमवर तुकडे सिनेमाच्या क्रमाने असतीलच असं नाही, आणि बऱ्याचदा संगीतकार मैफलीसाठी म्हणून धून वेगळी बांधून देतो. ती ऐकायला गोड असते, पण पडद्यावर ती तशी नसतेच. सिनेमा एकदा नुसता पाहून घ्या, मग वही घेऊन बसा.

आता धून ओळखीची करून घ्या, कारण पुढची सगळी भिस्त तिच्यावर आहे. 1978 च्या सिनेमाची श्रेयनामावली लावा. रिचर्ड डॉनर दिग्दर्शक, वाजवणारा वाद्यवृंद लंडन सिम्फनी, हातात काठी खुद्द विल्यम्सच्या. निळी अक्षरं सूं सूं करत अंगावर येतात आणि खालून खर्जातली वाद्यं एक ठेका धरतात. चार मात्रा, पण प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे. हा ठेका आधी मांडीवर हाताने धरायला शिका. साध्या संचलनात पाय डावा-उजवा पडतो, इथे प्रत्येक पावलात तीनची उसळी आहे, आणि संचलन असूनही ते जमिनीवर न राहता उडाल्यासारखं वाटतं ते त्या उसळीमुळे. त्यावर ट्रम्पेटची ललकारी येते. सूर पांढरी एकचा, म्हणजे सी मेजर. सा वरून थेट पंचमावर झेप, या उडीवर सगळा डोलारा उभा आहे. पेटीवर सा आणि प दाबून ठेवा आणि सिनेमा लावा, झेप कुठे पडते ते लगेच कळेल.

आमची ट्रम्पेटं बी फ्लॅटची, म्हणजे कागदावर लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजणारी. मूळ सुरात वाजवायचं तर आम्हाला ते डी मेजरमध्ये वाचावं लागतं. हे वाजवून पाहिल्यावर एक गोष्ट कळते जी नुसतं ऐकून कळत नाही : ही ओळ ओठांना अजिबात विसावा देत नाही. त्या काळी लंडन सिम्फनीत पहिल्या ट्रम्पेटवर मॉरिस मर्फी होता. 1977 ला तो वाद्यवृंदात आला आणि आल्या आल्या त्याच्या वाट्याला विल्यम्सचंच 'स्टार वॉर्स' आलं. वरच्या पट्टीत इतका धारदार आणि तरी न ओरडणारा सूर काढणं काय असतं, ते वरातीत तीन तास उभं राहून वाजवणाऱ्याला विचारा.

ललकारीबरोबर आणखी तीन गोष्टी ओळखून ठेवा. क्रिप्टन या ग्रहाची धून, हळूहळू चढत जाणारी, देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यासारखी भव्य. प्रेमाची धून, जी सुपरमॅन त्याची लाडकी पत्रकार लोइस हिला घेऊन उडतो त्या प्रसंगात येते. तिथे लोइस झालेली मार्गो किडर गीतकार लेस्ली ब्रिकसचे शब्द गात नाही, नुसते बोलते, आणि खाली वाद्यवृंद गातो. मला तो प्रसंग आजही थोडा अवघडल्यासारखा वाटतो, पण धून निर्विवाद सुंदर आहे. तिसरी खलनायकाची, लेक्स लूथर आणि त्याच्या वेंधळ्या साथीदाराची, मिस्कील, तिरक्या चालीची. विल्यम्सने खलनायकाला भीतिदायक न करता चेष्टेखोर केलं, हे वहीत ठळक लिहा, पुढे कामाला येतं.

वहीत आता रकाने पाडा. सिनेमाच्या नावापुढे : धून पहिल्यांदा पूर्ण कधी वाजली (मिनिट लिहा), कोणत्या वाद्यावर, पडद्यावर काय चाललं होतं, आणि धून येणार असं वाटूनही आली नाही अशा जागा. हा शेवटचा रकाना लोक गाळतात आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बँडमध्ये नवरदेवाच्या मित्रांचं फर्माईशीचं गाणं मांडवाच्या दारापर्यंत राखून ठेवायचं असतं. चौकातच वाजवून टाकलं तर दारात नाचायला कुणी उरत नाही. सिनेमाचा संगीतकारही हेच गणित मांडतो, आणि ते गणित फक्त न वाजलेल्या जागांवरून कळतं.

1978 च्या सिनेमात विल्यम्स श्रेयनामावलीतच सगळं देऊन टाकतो. मग मात्र आवरतो. स्मॉलव्हिलच्या शेतातला पोरगा घर सोडतो तेव्हा तंतुवाद्यं आणि हॉर्न, मोकळ्या माळरानाचं संगीत, ललकारीचा आग्रह नाही. हेलिकॉप्टर छतावरून लटकतं आणि क्लार्क पहिल्यांदा शहरासमोर सुपरमॅन होतो, त्या प्रसंगासाठी वहीचं अख्खं पान ठेवा. दर दहा सेकंदांनी थांबवा आणि लिहा : आता कोण वाजवतंय? ताण कुणाकडे आहे? ललकारीचा तुकडा आला की पूर्ण धून? प्रेक्षकाला धून सुरुवातीपासून ठाऊक आहे, त्यामुळे अर्धा तुकडा वाजला तरी उरलेला तो मनात पुरा करतो. तुम्हीही मनात पुरा केलात का, तेही प्रामाणिकपणे लिहा.

यापुढची पायरी म्हणजे श्रेयनामावली वाचणं. 'सुपरमॅन टू' (1980) मध्ये विल्यम्स नाही. डॉनरला बाजूला करून रिचर्ड लेस्टर दिग्दर्शक झाला आणि संगीत केन थॉर्नकडे गेलं. विल्यम्सच्या सामग्रीवरून संगीत करायचं, हे त्याचं काम. थॉर्न काही साधा माणूस नव्हे, 1966 च्या एका संगीतिकेवरच्या सिनेमाच्या रूपांतरित संगीतासाठी त्याला ऑस्कर मिळालं होतं. पण कान लावून ऐका : वादक कमी आहेत. पितळी वाद्यांमागची तंतुवाद्यांची गादी पातळ झाली आहे, ट्रम्पेट उघडं पडतं. सूर तेच, पण पाठीशी माणसं नाहीत. आमच्याकडे लग्नसराईत एकाच दिवशी दोन सुपाऱ्या आल्या की बँड अर्धा अर्धा वाटतात. तेव्हा काय होतं ते मला चांगलं माहीत असल्याने थॉर्नबद्दल मी जरा हळवा आहे. कमी माणसांत त्याने जे उभं केलं ते 'नक्कल' म्हणून झटकू नका.

आणि इथेच तुलना करणाऱ्यासाठी घबाड आहे. 2006 मध्ये याच सिनेमाची डॉनरची आवृत्ती निघाली. त्यात थॉर्नचं काम जवळजवळ बाजूला ठेवून विल्यम्सचं पहिल्या सिनेमातलं संगीत वापरलं आहे. म्हणजे कथा तीच, नट तेच, बरेचसे प्रसंगही तेच, संगीत मात्र वेगळं. दोन्ही आवृत्त्यांत सापडणारा एक प्रसंग निवडा. मेट्रोपोलिस शहराच्या रस्त्यावरची, क्रिप्टनचा खलनायक झॉड आणि त्याच्या साथीदारांशी मारामारी चांगली. आधी एकीत पाहा, मग दुसरीत, मग दोन्हींत आवाज बंद करून. तिसऱ्या वेळी नुसता संकलनाचा वेग कळतो, आणि मग संगीत त्या वेगाला चिकटून चाललंय की त्याच्यावरून सरकून जातंय हे दिसतं. थॉर्नचं संगीत त्या चित्रासाठी लिहिलेलं आहे, विल्यम्सचं दुसऱ्या चित्रासाठी लिहून इथे बसवलेलं आहे. ऐकायला विल्यम्सचं भरदार. पण एखादा ठोसा आणि झांज नेमकी एका क्षणी पडतात का, ते तपासा. या तपासणीत थॉर्नचे गुण वाढतात, हे मी पैजेवर सांगतो.

'सुपरमॅन थ्री' (1983) वर फार वेळ घालवू नका. थॉर्नच आहे, सुरुवातीलाच रस्त्यावरचा विनोदी गोंधळ आणि त्याला शोभेल असं खेळकर संगीत. ललकारीने सुरुवात करायची प्रथा पहिल्यांदा तिथे मोडली, एवढी नोंद पुरे. जॉर्जिओ मोरोडरची गाणीही त्यात आहेत. हा तोच मोरोडर, ज्याच्या 'मिडनाइट एक्सप्रेस'ने 1978 च्या संगीताचं ऑस्कर विल्यम्सच्या सुपरमॅनच्या हातातून नेलं होतं.

चौथा (1987) मात्र सिनेमा म्हणून पडेल असला तरी वहीवाल्यासाठी मौजेचा आहे. विल्यम्सने नव्या पात्रांसाठी नव्या धुना लिहून दिल्या आणि त्या सिनेमाभर पसरवण्याचं काम अलेक्झांडर करेजने केलं, 'स्टार ट्रेक' मालिकेची 1966 ची मूळ धून लिहिणारा तोच. रेकॉर्डिंगचा मोठा भाग जर्मनीत ग्राउंके वाद्यवृंदाकडून झाला. नंतर सिनेमा कापून जेमतेम 90 मिनिटांवर आणला गेला, त्यामुळे लिहून, वाजवून, ध्वनिमुद्रित करून झालेलं बरंच संगीत पडद्यावर पोचलंच नाही. अशा वेळी सिनेमावरून संगीतकाराला गुण देऊ नका, संपूर्ण ध्वनिमुद्रण शोधून ऐका. पहिल्या चारही सिनेमांचं संगीत 'फिल्म स्कोअर मंथली' या सिनेमासंगीत काढणाऱ्या कंपनीने 2008 मध्ये आठ सीडींच्या एका संचात काढलं, तेव्हा कुठे चौथ्याचं काम लोकांना नीट ऐकता आलं.

2006 चा 'सुपरमॅन रिटर्न्स' ऐकताना एक वेगळा रकाना घाला : संगीतकार जॉन ऑटमन सिनेमाचा संकलकही होता. दुसऱ्या कुणी कापलेल्या चित्रावर संगीत बसवायचं, ही अडचण त्याला नव्हती. विल्यम्सचं संचलन, क्रिप्टन, प्रेमाची धून, तिन्ही त्याने आदराने घेतल्या आणि स्वतःचं काम मधल्या जागांत केलं, गायकवृंद घालून. विमान कोसळताना सुपरमॅन ते बेसबॉलच्या मैदानात अलगद उतरवतो, तो प्रसंग 1978 च्या हेलिकॉप्टरशेजारी ठेवा. दोन्हींत काम एकच आहे, वर्षांनी परतलेल्या किंवा नव्याने आलेल्या माणसाची जगाला ओळख. ललकारी कितव्या मिनिटाला सुटते, ते दोन्हींत घड्याळ लावून लिहा.

आता 'मॅन ऑफ स्टील' (2013). झॅक स्नायडर दिग्दर्शक, हान्स झिमर संगीतकार, आणि विल्यम्सची धून पूर्ण बाहेर. इथे लोक भांडतात. माझा पुतण्या पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो, "काका, झिमर ऐकताना काटा येतो. तुमचं ते जुनं ऐकलं की पंधरा ऑगस्टची परेड आठवते." मी त्याला म्हटलं, "अरे, काटा येतो ते ठीक, पण कितव्या मिनिटाला आला ते लिही. आणि त्याच्या आधी दोन मिनिटं काय वाजत होतं तेही लिही." त्याने लिहिलं. काटा उड्डाणाच्या प्रसंगात आला होता, आणि आधीची दोन मिनिटं एक छोटं वाक्य पुन्हा पुन्हा फिरत होतं, दर फेरीला वर एक थर चढत होता. झिमरची रीत हीच. विल्यम्स धून सांगतो आणि मग ती खेळवतो. झिमर धून शेवटपर्यंत घडवत राहतो, आणि ती पुरी झाली की नायक हवेत असतो. पिढीच्या वादापेक्षा हा बांधणीचा फरक वहीत लिहा.

झिमरने काय काय जमवलं तेही ऐका. डझनभर ड्रमवादक एकत्र गोलात बसवले, त्यांत शीला ई., फॅरेल विल्यम्स, जेसन बॉनहॅम अशी मंडळी. शिवाय पेडल स्टील गिटारांचा ताफा. हे वाद्य हवाइयन गिटारच्या घराण्यातलं. जुनी हिंदी गाणी ऐकणाऱ्या आपल्या कानांना हवाइयन गिटारची मींड ओळखीची आहे. अमेरिकेत मात्र पेडल स्टील म्हटलं की कंट्री संगीत, गावाकडचं, शेतामळ्याचं. कॅन्ससच्या शेतात वाढलेल्या नायकाला हे वाद्य देणं चपखल आहे. त्याच जागी विल्यम्सने माळरानाची तंतुवाद्यं आणि हॉर्न ठेवले होते. दोघांनी गाव वेगवेगळ्या वाद्यांनी उभं केलं. हे दोन तुकडे लागोपाठ ऐका, मला या सगळ्या उद्योगात सगळ्यात जास्त आनंद या जोडीने दिला.

खलनायकाच्या पानावर मात्र मी झिमरला कमी गुण देतो. विल्यम्सकडे लूथर तिरकस हसतो. झिमरकडे झॉड आणि जगाचा नाश हे दोन्ही ड्रमांच्या आणि खर्जाच्या एकाच दणदणाटात विरघळतात, कोण संकटात आहे ते संगीतावरून कळत नाही. डोळे मिटून शेवटची अर्धी घटका ऐका आणि प्रसंग कुठे बदलला ते सांगून पाहा.

दुसरी जुळी जोडी पुढे येते. 'जस्टिस लीग' 2017 ला आला तेव्हा दिग्दर्शन आणि संगीत दोन्ही मध्येच बदललं होतं. जंकी एक्सएल नावाच्या संगीतकाराच्या जागी डॅनी एल्फमन आला आणि त्याने स्वतःची 1989 ची बॅटमॅनची धून आणि विल्यम्सची सुपरमॅनची ललकारी दोन्ही आत आणल्या. 2021 ला स्नायडरची चार तासांची आवृत्ती निघाली, तिच्यात संगीत जंकी एक्सएलचं आणि सुपरमॅनला झिमरची धून. मेलेला सुपरमॅन उठून आपल्याच साथीदारांवर तुटून पडतो, तो प्रसंग दोन्हींत आहे. एल्फमन तिथे विल्यम्सची ललकारी काळवंडून वाजवतो, ओळखीचा चेहरा रागाने वाकडा झालेला. ज्याने 1978 पाहिलेला नाही त्याला ते कळणारच नाही, आणि ज्याने पाहिलाय त्याला ते फार लवकर संपल्यासारखं वाटेल. 2021 मध्ये ओळखीचं वजन वेगळ्या प्रसंगावर टाकलं आहे, सुपरमॅन जन्मदात्या आणि पालक अशा दोन्ही बापांचे शब्द आठवत नव्याने उडतो तिथे. उसनी धून कुणाच्या आठवणीवर चालते, हा प्रश्न इथे वहीत आपोआप उभा राहतो.

2025 चा जेम्स गनचा 'सुपरमॅन' शेवटी ठेवा. संगीत जॉन मर्फी आणि डेव्हिड फ्लेमिंगचं, आणि विल्यम्सची धून परत, काही ठिकाणी चक्क इलेक्ट्रिक गिटारवर. ट्रम्पेटवाल्याने तोंड वाकडं करावं अशी अपेक्षा असेल तर माफ करा, मला ते आवडलं. सा ते प ही झेप गिटारवर घेतली की ती ललकारी न राहता कुणीतरी एकट्याने गुणगुणल्यासारखी होते. फक्त तपासून पाहा : पुढचा अर्धा भाग, जिथे धून वळून खाली उतरते, तो किती वेळा वाजतो? माझ्या कानाला पहिला तुकडा वारंवार येतो आणि उरलेला क्वचित. तुमची मोजणी वेगळी आली तर तुमची धरा.

एवढं झालं की घरातल्या अशा माणसाला बसवा ज्याने यांतला एकही सिनेमा पाहिलेला नाही. चित्र न दाखवता चार तुकडे ऐकवा : 1978 चं हेलिकॉप्टर, 2006 चं विमान, 2013 चं उड्डाण, 2025 ची गिटार. काय चाललंय असं वाटतं, एवढंच विचारा. आमच्या बँडमधल्या बेस ड्रमवाल्या दादांनी 2013 चा तुकडा ऐकून विचारलं होतं, "कुणाचं लगीन हाय का मयत?" हे उत्तर मी जसंच्या तसं रकान्यात लिहिलंय, त्यावर टिप्पणी केलेली नाही.

बॅटमॅनकडे वळायचं असेल तर हीच वही चालणार नाही. तिथे समान धून नाही. एल्फमनची 1989 ची काळोखी धून शर्ली वॉकरने वाद्यवृंदासमोर उभी केली, 1995 आणि 1997 ला एलियट गोल्डेंथल आला आणि त्याने वेगळीच धून दिली, 2005 ला झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्डने नायकाला जवळजवळ दोन सुरांवर आणून ठेवलं, 2022 ला मायकल जियाकिनोने चार सुरांची जड चाल दिली. तिथे पहिला रकाना 'धून कधी वाजली' असा न ठेवता 'किती सुरांत माणूस ओळखता येतो' असा ठेवा, आणि जोकरसाठी वेगळं पान काढा. 2008 च्या सिनेमात त्याच्या वाट्याला चेलोवरचा ताणत नेलेला एकच सूर आहे, आणि तो कुठे सुरू झाला हे शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ जाते.